बुरेसाब

आमच्या दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बाशिंग बांधून घोड्याच्या लिदीपुढे उकिडवे बसले होते. नवरदेव मारुतीच्या पाराशी आला, घोड्यावरून उतरला, आता पाया पडणार म्हणून वाजंत्र्यांनी हात आवरता घेतला, आणि नवरदेव देवळात जायचं सोडून पाराच्या मागे गेला. तिथे चार-आठ दिवसांची लीद पडली होती. दाजींनी एका हातानं मुंडावळ्या बाजूला धरल्या, दुसरा हात जमिनीला टेकला आणि लिदीपासून वीतभर अंतरावर नाक नेलं. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी नवरीची धाकटी बहीण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा, म्हणजे आमचे वडील, घाईनं पुढे झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, काय हरवलं का?"

दाजी वर न बघताच म्हणाले, "न्हाई आबा, सापडलं."

त्यांचं खरं नाव सखाराम. निजामाच्या राज्यात परतूरच्या ढोरदवाखान्यात ते कंपौंडर होते. आमच्यासारखेच धनगर. त्यांच्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना उर्दू मिडलपर्यंत शिकवलं ते एवढ्याचसाठी, की पोराचे हात शेणातून सुटावेत. आबांनी आक्काला त्या घरात दिली तीही त्याच आशेनं. आणि झालं काय, तर सरकारी नोकरी लागल्यावर हा माणूस परत शेणापाशीच जाऊन बसला, तोही राजीखुशीनं. आबा चारचौघांत हसण्यावारी न्यायचे, पण त्यांच्या मनाला ते लागलं होतं. "आमी शेणात राह्यलो पोटासाठी," ते म्हणायचे, "ह्यो हौसेनं राह्यलाय."

आक्कानंतर वर्षभरानं माझंही लग्न झालं आणि दोन पावसाळ्यांत माझे मालक तापानं गेले. आमची आई नव्हती, त्यामुळे आक्काचं पहिलं बाळंतपण परतूरलाच व्हायचं होतं. आबांनी मला तिच्या मदतीला नेऊन सोडलं. बाळंतपणाला गेलेली मी तिथे सहा वर्षं राहिले. दाजींचं कौतुक आणि त्यांचा वैताग, दोन्ही मी अगदी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे असं मी समजते.

घरात पाऊल टाकलं की उजव्या हाताला फडताळ होतं. दुसऱ्यांच्या फडताळात भांडी असतात, आमच्या फडताळात काडीपेट्या होत्या. प्रत्येकीत कापसावर एकेक मेलेला जीव. माशी, नाकतोडा, मुंगळा, अळी. पण नुसता मेलेला जीव दाजींना चालत नसे. त्याच्या अंगावर पांढरं, हिरवं किंवा राखाडी काहीतरी उगवलेलं असलं तरच त्याला घरात जागा. अंगणातल्या भिंतीला लागून फुटक्या मडक्यांची सात खापरं मांडलेली, प्रत्येकावर ओल्या गोणपाटाचा तुकडा. त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा आणि गाढव यांचं ज्याचं त्याचं शेण. सातवं खापर पाहुण्यासाठी. एकदा उंटवाले गावातून गेले तेव्हा ते खापर भरलं आणि दाजी दोन दिवस जावयासारखे खुशीत होते. आक्का शेजारणींना सांगायची, "लोकाच्या दारात तुळस असते. आमच्या दारात गाढवाची लीद हाय, अन् तिलाबी रोज पाणी घालावं लागतंय."

आमच्या भागात शिळ्या भाकरीवर, लोणच्यावर, ओल्या भिंतीवर जी केसाळ बुरशी येते तिला बुरा म्हणतात. बुरा आला की आपण ते फेकून देतो. दाजी ते उचलून आणत. शेणावर आणि किड्यांवर येणारा बुरा ओळखणं हे त्यांचं वेड होतं, आणि कुणी नाक मुरडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बुरा मानू नका, बुरा बघा." दवाखान्यात येणारे मुसलमान, मारवाडी, मराठे सगळ्यांना ते कळायचं, कारण त्यातला पहिला बुरा उर्दू आणि दुसरा आमचा. हे वाक्य बोलून ते स्वतःच सगळ्यात आधी हसत.

माझी आणि त्यांची पहिली खडाजंगी गवऱ्यांवरून झाली. मी शेण कालवून गवऱ्या थापत होते. शेजारी पाच-सहा दिवसांचा शेणाचा एक मोठा पो ठेवलेला होता. मी त्याला हात घालणार तेवढ्यात दाजी अर्धी दाढी केलेल्या तोंडानं घरातून पळत आले.

"गंगे, थांब थांब. त्या पवाला बिलकुल हात लावू नको. टोप्या येऊन राह्यल्यात."

"दाजी, ह्या पवाच्या गवऱ्या होणार हायत, अन् त्या गवऱ्यांवर तुमची भाकरी भाजणार हाय."

"भाकर चुकंल एक दिस. ह्या टोप्या उद्या सकाळी उडणार."

"उडू द्या की. मी काय धरायला जाऊ?"

"धरू नको. नुसती बघ."

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या वेळेला त्यांनी मला त्या पवापुढे बसवलं आणि हातात भिंग दिलं. जालन्याला मस्तगडातल्या एका घड्याळजीकडून त्यांनी ते आणलं होतं, आणि आक्काचं लुगडं त्यापायी सहा महिने लांबलं होतं. भिंगातून मी पाहिलं. शेणावर काचेच्या तारा उभ्या होत्या. प्रत्येक तारेच्या टोकाला पाण्यानं भरलेला फुगीर मणी आणि मण्यावर काळीभोर टोपी. सगळे मणी उगवतीकडे वाकलेले. बघता बघता एक मणी फुटला, 'टिक' असा बारीक आवाज झाला आणि माझ्या चोळीच्या बाहीवर काळा ठिपका येऊन बसला. मी चालायला लागल्यापासून शेण वेचत होते. इतकी वर्षं माझ्या हाताखाली हे चाललं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला त्या सकाळी खरोखर राग आला. दाजींना मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "मलाबी कुनी सांगितलं न्हाई. मी वाकलो म्हून दिसलं."

त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं टोपीफेक्या. अशी सगळी नावं त्यांचीच. मराठीत यावरचं पुस्तक त्यांना कधी मिळालं नाही, उर्दूतही नाही. मग जे दिसेल त्यावरून नाव. शेणावर दहाव्या दिवशी येणाऱ्या बारीक पिवळ्या वाट्या म्हणजे पणत्या. उकिरड्यावरची जी कुत्र्याची छत्री दुपारपर्यंत विरघळून काळं पाणी होते ती शाईछत्री. कपाशीवरची खडूसारखी पांढरी आणि कडक झालेली अळी म्हणजे खडूअळी. पण नाव ठेवायला ते कधी घाई करत नसत. "आधी बघ, मंग नाव. नाव आधी आलं की डोळा झाकतो," असं म्हणून ते एकेका खापरापुढे आठवडा काढत. कोणत्या शेणावर कोणत्या दिवशी काय उगवणार हे त्यांना पाठ होतं. तिसऱ्या दिवशी केस, मग टोप्या, मग पणत्या, शेवटी छत्र्या. "शेणालाबी पंचांग असतंय, गंगे."

आमच्या गावाकडे आश्विनात गवताच्या शेंड्याला मिठी मारून मेलेले नाकतोडे दिसतात. बायका म्हणत, हा देवाला हात जोडून मेला, पुण्यवान जीव आहे. कुणी त्याला हात लावत नसे, जाता जाता नमस्कार करत. दाजींनी मला दाखवलं की त्याच्या पोटाच्या वळ्यांतून राखाडी बुरा फुटलेला असतो. बुराच त्याला मरायच्या आधी शेंड्यावर चढवतो, म्हणजे वरून भुकटी लांबवर पडते आणि खालच्या नाकतोड्यांना धरते. मला वाटलं, आता हे बायकांना हसणार. पण ते म्हणाले, "जोडू दे हात. फकस्त बघून जोडा म्हनावं." त्यांचा हा स्वभाव मला फार आवडायचा. ज्याला जग हसत होतं तो माणूस कुणाला हसत नसे.

चूक झाली तर ती मात्र त्यांना लपवता यायची नाही. भाद्रपदात खिडकीला चिकटून मेलेल्या माशीभोवती पांढरी भुकटी पडते, तो माशीचा बुरा. एकदा त्यांना जात्याच्या पाळीवर अशीच एक माशी सापडली. चार दिवस भिंग लावून त्यांनी ती पाहिली आणि हा नवाच बुरा आहे, असं दवाखान्यातल्या चपराशापर्यंत सगळ्यांना सांगून आले. पाचव्या दिवशी आक्कानं माशीवर फुंकर मारली. बुरा उडाला. ते ज्वारीचं पीठ होतं. आक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दाजींनी ती माशी फेकली नाही. तिला काडीपेटीत ठेवून मला म्हणाले, "लिही वर. चूक."

मला लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. माझी पाटी म्हणजे त्या काडीपेट्यांची पाठ. उर्दू त्यांच्या कचेरीची, पण काडीपेट्यांवर मराठीच हवी असा त्यांचा हट्ट होता, कारण नावं मराठी. शाईछत्र्या वाटीत गोळा करून दुपारी त्यांची शाई व्हायची. बोरूनं मी माझ्या आयुष्यातलं पहिलं अक्षर त्या शाईनं लिहिलं. 'ब'. बुऱ्यातला ब. विधवा बाईच्या हातात बोरू बघून गल्लीतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या तेव्हा दाजी त्यांना म्हणाले, "आमच्या घरात शेण कोन ओळखतंय? गंगू. मंग नावबी तिनंच लिहावं, हे बराबर हाय का न्हाई?"

हे सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं. पण एका श्रावणात आबा परतूरला आले ते पागोट्यापासून जोड्यापर्यंत भिजून, आणि दारातच बसकण मारून म्हणाले, "जावईबापू, तुमचा बुरा आमच्या मुळावर आलाय."

आमचं गाव वाटूरपासून दोन कोसांवर. रब्बीसाठी पड ठेवलेल्या रानात पावसाळ्यात आमची मेंढरं बसत. लेंडीचं खत शेतकऱ्याला, त्या बदल्यात सुगीला ज्वारी आम्हाला, ही पिढ्यांची रीत. त्या वर्षी मेंढरं पाटलांच्या पडीवर होती. बांधापलीकडे पाटलांचीच ज्वारी कमरेएवढी झाली होती. एका सकाळी पाटलांना तिच्या पानांवर काळे ठिपके दिसले. त्यांना वाटलं काणी पडली. ज्वारीची काणी काळीच असते, आणि ती लागली की कणसात दाण्याऐवजी काजळ भरतं. पाटील पडीत गेले, तर लेंड्यांवर बुरा आणि बुऱ्यालाही काळे ठिपके. पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी कुणीही घाबरला असता. त्यानं पटवाऱ्याकडे जाऊन अर्ज लिहवला, आणि आठ दिवसांत तहसील कचेरीतून हुकूम आला की धनगराची मेंढरं शिवाराबाहेर काढा.

भर श्रावणात मेंढरं नेणार कुठे? शेजारच्या गावांतल्या पडीवर त्यांचे त्यांचे कळप बसलेले. चिखलात रोज मुक्काम हलवायचा म्हणजे खुरं कुजणार आणि कोकरं पटापट मरणार. आणि एकदा का 'ह्यांची मेंढरं रोग आणतात' असं नाव पडलं, की पुढच्या साली कोण आपल्या रानात बसू देणार? आबांचा सगळा जन्म त्या कळपात होता. ते रडले नाहीत, पण भिजलेलं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

दाजींनी दोनच प्रश्न विचारले. "ठिपके किती ओळींवर हायत?"

"बांधाकडच्या दोन-तीन. पल्याड न्हाईत."

"पान पिवळं पडलंय का?"

"न्हाई. हिरवंगार हाय."

मग त्यांनी हुकूम मागितला. त्यात अर्जाचा मजकूर उतरवलेला होता. वाचता वाचता एका शब्दावर ते थांबले, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "आबा, पाटील पटवाऱ्याला काय म्हनले? जसंच्या तसं सांगा."

"म्हनले, लेंड्यांवर बुरा आल्ता, तो उडून ज्वारीवर बसला."

पटवाऱ्यानं उर्दू लिहिताना तो शब्द होता तसा उर्दू अक्षरांत उतरवला होता. कचेरीत उर्दू वाचणाऱ्यांनी तो उर्दूच समजून वाचला. धनगराच्या लेंड्यांत काहीतरी वाईट आहे, ते उडतं आणि पिकावर बसतं, असा त्याचा अर्थ झाला. एवढं वाचल्यावर कोणता अंमलदार मेंढरं गावात ठेवील?

कचेरीतलं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण आबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. गावोगाव फिरून पिकांची पाहणी करणाऱ्या गिरदावर साहेबांपुढे दाजी हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, इस काग़ज़ में जो बुरा है, वो बुरा नहीं है."

गिरदावरांनी चष्मा काढला. "कंपौंडर, सुबह सुबह पी के आए क्या?"

दाजींनी शब्दाचा घोळ समजावून सांगितला. साहेबांनी ऐकून घेतलं, पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, बुरशी, म्हणजे त्यांच्या उर्दूत फफूंद, का होईना, ती ज्वारीवर बसली आहे हे तर खरं ना? मग हळूच विचारलं, "मेंढरां तुम्हारे सुसरे के हैं ना?"

"जी हुजूर. इसके वास्ते मेरी बात मत मानो. आँखों से देखो."

"और ग़लत निकला तो?"

"तो मेरी नौकरी हुजूर के हाथ में."

दवाखान्याचे सलोत्री, म्हणजे ढोरांचे मोठे डॉक्टर, दौऱ्यावर होते, कंपौंडरला असं काही बोलायचा अधिकारच नव्हता, आणि घरी आक्काला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. आक्काला हे कळलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "ह्या डाव फुंकर मारून बघितली ना?" दाजी म्हणाले, "मनातल्या मनात बघितली."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीतून गावी गेलो, मागून गिरदावर साहेबही आले. औषधाच्या बाटल्या येतात तसला लाकडी खोका दाजींनी बरोबर घेतला होता. त्याच्या फटी शेणमातीनं लिंपल्या, एका बाजूला बोराएवढं भोक ठेवलं आणि भोकावर आतून कंदिलाच्या फुटक्या काचेचा तुकडा बसवला. मेंढरांच्या लेंड्या वेचायला ते पडीत बसले, पण त्या दिवशी ते तीच लेंडी दोन-दोनदा उचलत होते. कोवळ्या कोणत्या आणि उडून गेलेल्या कोणत्या, हे त्यांनाच कळेनासं झालं. मी त्यांना बाजूला केलं आणि लेंड्या मी निवडल्या. ज्यांवर तारा नुकत्या उभ्या राहत होत्या तेवढ्याच. खोका चावडीच्या ओट्यावर ठेवला, काच उगवतीकडे. गिरदावर साहेबांनी झाकणावर स्वतः लाखेची मोहर लावली, म्हणजे कुणी हातचलाखी करायला नको.

सकाळी अर्धं गाव चावडीपुढे जमलं. आभाळ भरून आलेलं. सूर्याचा पत्ता नाही. पाटील म्हणाले, "उघडा आता, किती वाट बघायची?" दाजी म्हणाले, "थोडं थांबा. त्येला उजेड लागतोय." आबा चावडीच्या खांबाला टेकून उभे होते, दाजींकडे बघत नव्हते. मी मनात मारुतीला नवस बोलून घेतला, आणि बुऱ्यासाठी नवस बोलणारी मी पहिलीच बाई असेन.

जरा वेळानं ढग विरळ झाले आणि ओट्यावर फिकट उजेड पडला. गिरदावर साहेबांनी कंटाळून खोक्यावर कोपर टेकलं आणि एकदम मान वाकडी करून कान खोक्याला लावला. त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी बोटानं पाटलांना बोलावलं. पाटलांनी कान लावला. आत टिक, टिक, टिक, पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तसं चाललं होतं.

आवाज थांबल्यावर साहेबांनी मोहर तोडली. खोक्याच्या आतल्या बाजू तशाच्या तशा होत्या. काचेचा तुकडा मात्र काळ्या ठिपक्यांनी भरून गेला होता.

दाजी सगळ्यांना घेऊन बांधावर गेले. ज्वारीचं एक पान धरून त्यांनी पाटलांना सांगितलं, "पाटील, नख ओलं करा अन् हा ठिपका खरवडा." पाटलांनी थुंकी लावून खरवडलं. ठिपका नखावर आला, खाली पान हिरवंगार. त्यांनी दुसरा खरवडला, तिसरा खरवडला. मग पलीकडच्या ओळींत जाऊन बघून आले. तिथे एकही नव्हता. दाजी म्हणाले, "काणी आतून येती, कणसात येती. खरवडून जात न्हाई. हे तं लेंडीवरून उडालेलं हाय, उजेडाकडं. त्येला तुमच्या ज्वारीचं काय करायचं? त्येला गवतावर बसायचंय. जनावरानं गवत खाल्लं की पोटातून पुन्हा शेणात. तेवढंच त्येचं घर हाय."

पाटलांनी नख धोतराला पुसलं. नंतर आबांसमोर येऊन म्हणाले, "आबा, माझं चुकलं. मेंढरं अजून आठ दिस बसू द्या माझ्या रानात." गिरदावर साहेबांनी तिथेच बांधावर कागद मांडीवर घेतला, 'बुरा' खोडून 'फफूंद' लिहिलं, खाली हुकूम रद्द करावा असा शेरा मारला आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाह, बुरे साब." सगळा गाव हसला. तेव्हापासून दाजींना सखाराम अशी हाक कुणी मारली नाही. बुरेसाब म्हणजे उर्दूत काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही. नाव ऐकलं की ते छाती थोडी पुढे काढत. मी तर अजून काढते.

दौऱ्यावरून परतल्यावर सलोत्री साहेबांनी आधी त्यांची चांगली हजेरी घेतली आणि मग दवाखान्यातली खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, दर शुक्रवारी त्यांच्यासाठी उघडी ठेवली. त्या खुर्दबिनीतून मीही पाहिलं आहे. खडूअळीचा बुरा आत द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. जेवायला बसल्यावर दाजींनी शेणाचा विषय काढला की पूर्वी आबा ताटावरून उठायचे. आता ते हळूच विचारत, "मंग छत्र्या कव्हा येतील?"

निजामाचं राज्य संपायच्या आदल्या साली दाजींची तेलंगणाकडच्या एका रानटी मुलखात बदली झाली. तिकडे ताप फार, म्हणून आक्काला आणि दोन्ही लेकरांना मागे ठेवून ते एकटेच गेले. जाताना फडताळातल्या निवडक काडीपेट्या बरोबर नेल्या. त्यांची पत्रं मला येत, आक्काला मी वाचून दाखवी. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इथे रानात एक मुंगी सापडली, पानाच्या शिरेला जबड्यानं धरून मेलेली, आणि तिच्या मानेतून एक शिंग उगवलेलं. 'अजून नाव ठेवलेलं नाही. बघतो आहे.' त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या कचेरीतल्या कारकुनाचं पत्र आलं. तापानं पाच दिवसांत गेले. ते पत्रही मलाच आक्काला वाचून दाखवावं लागलं. मला लिहायला-वाचायला आल्याचं दुःख आयुष्यात झालं ते त्या एका दिवशी.

पुढे त्यांचं सामान रेल्वेनं आलं. ते सोडवायला परतूर स्टेशनावर आबा आणि मी गेलो. पत्र्याची एक ट्रंक होती. पार्सल बाबू दक्षिणेकडचा होता, परतूरला नवाच आलेला. त्यानं ट्रंक उघडायला लावली. वर कपडे, खाली भिंग आणि काडीपेट्या. त्यानं एक उघडली, मेलेली माशी पाहिली आणि नाकाला रुमाल लावला. "ये क्या कचरा है?"

आबांची पाठ तोवर वाकली होती. ते सरळ उभे राहिले. "कचरा न्हाई. हे बुरेसाबचं सामान हाय."

"बुरे साब?" बाबू हसला. "ऐसा भी किसी का नाम होता है?"

मी काही बोलणार तेवढ्यात आबांनी त्याच्या हातातली पेटी घेतली, त्यावर भिंग धरलं आणि पेटी त्याच्यापुढे केली. म्हणाले, "बुरा मानू नका, बाबूसाब. बुरा बघा."

बाबू वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मी पेटीची पाठ वाचली. ती 'चूक' लिहिलेली पेटी होती, पिठाच्या माशीची, अक्षर माझंच. फुंकर मारूनही थोडं पीठ तिच्या पंखाला राहिलं होतं. मी आबांना काही सांगितलं नाही. डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं.

बाबूनं पेटी दोन्ही हातांनी परत दिली आणि वही पुढे सरकवून शाईची गादी उघडली. अंगठ्यासाठी. मी त्याच्या कानामागची लेखणी मागून घेतली आणि माझं नाव लिहिलं. त्यानं ते वाचलं आणि आबांकडे बघून विचारलं, साक्षीला तुमचं नाव काय लिहू.

आमच्या आबांना पंचक्रोशीत कुणीही ओळखायचं. कुणी विचारलं की ते सगळं सांगत. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, मग गाव. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेवर हात ठेवला आणि म्हणाले,

"लिवा. बुरेसाबचा सासरा."